एआय आणि कामावरचा आत्मविश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्या, टिळक रोडच्या आसपासची सीए ऑफिसं, भोसरी-चाकणचे शॉप फ्लोअर. प्रशिक्षणाच्या निमित्ताने मी जिथे जाते तिथे हे प्रश्न निघतात. वर्गात कोणी विचारत नाही, चहाच्या सुट्टीत विचारतात, आणि बहुतेक वेळा सुरुवात "माझ्या एका मित्राचं असं झालंय" अशी असते. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पटली नाहीत तर खुशाल वाद घालावा. पुण्यात त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

एआय वापरून आत्मविश्वास वाढतो की घटतो? एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही सांगता येत, कारण एकाच माणसाचा आधी वाढतो आणि मग घटतो, असं बऱ्याचदा दिसतं.

वाढतो तो खराच असतो. एका अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकसेवेतल्या पाच हजारांहून जास्त एजंटांवरचा अभ्यास २०२३ मध्ये बाहेर आला. एआयचा मदतनीस हाताशी आल्यावर तासाला निकालात निघणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्के होती, मुरलेल्यांच्या बाबतीत जेमतेम. जुन्या लोकांची कामाची ढब नव्यांच्या हातात लवकर पडली, असा त्याचा अर्थ. नोकरीच्या पहिल्या वर्षात रोज फजिती होणाऱ्याला असा आधार मिळाला तर त्याला हायसं वाटणारच.

घट पुढे सुरू होते, आणि तीही एखाद्या फुटकळ प्रसंगाने. मीटिंगमध्ये कोणीतरी सहज विचारतं, "हे असंच का केलं?" उत्तर आपल्यापाशी नसतं. ते चॅटच्या खिडकीत असतं, आणि ती खिडकी आता सगळ्यांसमोर उघडता येत नाही.

काम वेळेत जातंय, क्लायंट खूश आहे, अप्रेझलही बरं झालं. मग आतून पोकळ का वाटतं?

मला विचाराल तर या पानावरचा हाच मुख्य प्रश्न.

एखादी गोष्ट आपल्याला जमेल हा विश्वास येतो कुठून, याची मांडणी अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये केली. त्याने चार उगम सांगितले. स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला जमताना पाहणं, भरवशाच्या माणसाने "तुला जमेल" असं म्हणणं, आणि त्या क्षणी शरीर काय सांगतंय ते, म्हणजे छातीत धडधड आहे की निवांत वाटतंय. चारांत पहिला सगळ्यात जोरकस.

आता तुमच्या कामाकडे बघा. रिपोर्ट गेला, शाबासकी मिळाली. पण अडणं, चुकणं, चिडणं आणि मग अचानक जुळणं हा मधला भाग घडलाच नाही. त्यामुळे शाबासकी कानावर पडते, पण ती आपली आहे असं मन मानत नाही. अप्रेझलमधलं रेटिंग हा बाहेरचा पुरावा झाला. आतला पुरावा त्या मधल्या धडपडीतून मिळतो.

एआय तुमचं कौशल्य हिरावून घेतं का, हा पुढचा प्रश्न. त्याच्या बऱ्याच आधी ते तुमच्या कौशल्याचा पुरावा तुमच्यापर्यंत पोचू देत नाही. पूर्वी कामाबरोबर हा पुरावा फुकट मिळायचा. आता तो मुद्दाम तयार करावा लागतो. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच गोष्टीवर येतील, त्याला इलाज नाही.

म्हणजे हा नुसता मनाचा खेळ आहे? की कौशल्य खरंच गंजतं?

काही कामांत गंजतं, असं दिसायला लागलं आहे. पोलंडमधल्या चार केंद्रांवरचा एक अभ्यास ऑगस्ट २०२५ मध्ये लॅन्सेटच्या पोटविकारांवरच्या नियतकालिकात आला. कोलोनोस्कोपी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना मोठ्या आतड्यातल्या संशयास्पद गाठी दाखवून देणारं एआय दिलं होतं. ते येण्याआधी अशा गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्के होतं. एआयची सवय लागल्यानंतर, ज्या तपासण्या एआयशिवाय केल्या त्यांत ते २२.४ टक्क्यांवर आलं. अभ्यास निरीक्षणांवर आधारलेला आहे, त्यामुळे सगळं खापर एआयवर फोडता येणार नाही. पण ही मंडळी कालची पोरं नव्हती, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

विमान कंपन्यांना हा अनुभव आधीच आला होता. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जानेवारी २०१३ मध्येच सूचना काढली होती की, जिथे योग्य असेल तिथे वैमानिकांना हाताने विमान चालवण्याचा सराव करू द्या, नाहीतर ऑटोपायलटच्या भरवशावर तो सुटतो.

अनुभवी माणसाचा सुटलेला सराव परत करता येतो. खरी काळजी पुढच्या प्रश्नातल्यांची आहे.

मी फ्रेशर आहे. माझा कोड चालतो, पण समजावून सांगता येत नाही. मी फसवतोय का?

फसवत नाही आहात. पण अर्ध्यावर थांबला आहात.

खराडीतल्या एका कंपनीत मी एका कोड रिव्ह्यूला बसले होते. सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी. पेमेंटची रिक्वेस्ट फसली तर ती आपोआप तीनदा पुन्हा पाठवायची, असा कोड तिने एआयकडून लिहून घेतला होता. वाचायला सुरेख, टेस्ट सगळ्या हिरव्या. तिच्या सीनियरने एकच विचारलं: "पहिल्याच वेळी ग्राहकाचे पैसे कापले गेले, पण उत्तर आपल्यापर्यंत यायच्या आत टाइमआउट झाला, तर?" ती गप्प. खरं तर तिला उत्तर येण्यासारखं होतं. दोनदा पैसे कापले जातील, म्हणून प्रत्येक व्यवहाराला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि समोरच्या सर्व्हरने तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसऱ्यांदा पैसे कापायचे नाहीत. कॉलेजात हे वेगळ्या नावाने शिकलेली होती. पण कोड लिहिताना तो प्रश्न तिच्यासमोर उभाच राहिला नव्हता, कारण लिहिण्याच्या त्रासात जे प्रश्न पडतात ते त्रासाबरोबर निघून गेले होते.

नंतर ती मला म्हणाली, "मॅडम, मला वाटलं मला काहीच येत नाही." यातला धोका इथे आहे. माहीत नसलेली गोष्ट एक होती, निष्कर्ष "काहीच येत नाही" असा निघाला. स्वतः झगडून लिहिलं असतं तर कुठलं पक्कं आहे आणि कुठलं कच्चं, याचा अंदाज असता. एआयवर काम करताना तो नकाशाच तयार होत नाही, म्हणून एक भोक दिसलं की सगळंच फाटलेलं वाटतं.

उपाय कंटाळवाणा आहे. एआयने दिलेला कोड सबमिट करण्याआधी त्यातली एक ओळ मुद्दाम काढून टाका, किंवा एक आकडा बदला, आणि काय मोडेल ते आधी कागदावर लिहा. मग चालवून बघा. अंदाज बरोबर आला तर तो तुमचा. चुकला तर त्या दिवशी काहीतरी नवीन कळलं. असं रोज एका गोष्टीचं केलं तरी महिन्याभरात रिव्ह्यूला जाताना पोटात गोळा येणं कमी होतं.

मी मराठी माध्यमातून शिकलो. एआयमुळे माझे इंग्रजी ईमेल झकास झाले, पण क्लायंट कॉलवर बोलताना पूर्वीपेक्षा जास्त घाबरतो. असं का?

सांगली, लातूर, परभणीहून पुण्यात आलेल्या मुलामुलींकडून मी हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की तो पहिलाच घ्यायला हवा होता.

आधी एक स्पष्ट सांगते. ईमेल एआयकडून सुधारून घेण्यात लाज वाटून घेऊ नका. ज्या मुलाला डेटाबेस झोपेत कळतो, त्याला केवळ इंग्रजी क्रियापदाच्या रूपावरून मागच्या बाकावर बसवलं गेलं, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललं. ती अडवणूक कोणत्या यंत्राने दूर केली तर मला त्याचा आनंदच आहे. "प्लीज डू द नीडफुल" लिहिणाऱ्यांची टिंगल करणाऱ्यांचं इंग्रजीही काही ऑक्सफर्डहून आलेलं नव्हतं.

आता भीतीचं. पूर्वी तुमचा ईमेल आणि तुमचं बोलणं साधारण सारखंच होतं. समोरच्याला माहीत होतं की याचं इंग्रजी मोडकं आहे, पण कामाचा माणूस आहे. आता ईमेलमध्ये एक माणूस लिहितो आणि संध्याकाळी साडेसातच्या कॉलवर दुसराच बोलतो. हे अंतर उघडं पडेल याची भीती तुमच्या पोटात आहे. इंग्रजी पूर्वीइतकंच आहे, अंतर मात्र तुम्हीच वाढवलंत.

म्हणून ईमेल तुमच्या बोलण्याच्या जवळ ठेवा. आधी स्वतः लिहा, चुकांसकट. मग एआयला सांगा की फक्त चुका दुरुस्त कर, माझे शब्द बदलू नकोस, वाक्य लांबवू नकोस. जो शब्द तुम्ही तोंडाने कधीच उच्चारला नाही तो ईमेलमधून काढून टाका. दुरुस्त झालेला मजकूर पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. ऑफिसात लाज वाटत असेल तर पायऱ्यांवर जाऊन वाचा. आणि कॉलवर जे सांगायचं आहे ते आधी फोनमध्ये रेकॉर्ड करा, मराठी मिसळली तरी चालेल. एआयला त्यावर "हे तीन वाक्यांत कसं सांगू" विचारा आणि ती तीन वाक्यं पाठ न करता पुन्हा स्वतःच्या शब्दांत बोला.

आणखी एक. कॉलवर "एक मिनिट, विचार करून सांगतो" हे वाक्य वापरायला शिका. इंग्रजी उत्तम असणारे लोक ते सर्रास वापरतात, आणि त्यांना कोणी कच्चं समजत नाही.

कॅल्क्युलेटर आला तेव्हाही लोक असंच म्हणत होते ना?

म्हणत होते. पण कॅल्क्युलेटर चुकीचं उत्तर बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देत नाही. एआय देतं. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड केला, कारण त्यांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे अर्जात दिले होते. कॅल्क्युलेटरवर विसंबून कोणाला अशी शिक्षा झाल्याचं ऐकिवात नाही.

मी सीए आर्टिकलशिप करते. जीएसटीच्या नोटिशीला उत्तर एआय लिहितं, सर सही करतात. यात मी शिकतेय काय?

वरचं न्यूयॉर्कचं उदाहरण तुमच्यासाठीच होतं.

समजा क्लायंटला एएसएमटी-१०, म्हणजे जीएसटी खात्याची तफावतीबद्दलची नोटीस, आली, जीएसटीआर-१ आणि ३बी या दोन विवरणपत्रांमधल्या आकड्यांत तफावत आहे म्हणून. उत्तर एएसएमटी-११ या फॉर्ममध्ये द्यायचं. एआय तुम्हाला घरंदाज इंग्रजीत दोन पानं देईल, कलमं देईल, एखादा निवाडाही देईल. पण तफावत का आली हे त्याला माहीत नाही. ते क्लायंटच्या विक्री रजिस्टरमध्ये आहे. कदाचित मार्चचं बिल एप्रिलमध्ये धरलं गेलंय, कदाचित क्रेडिट नोट एका ठिकाणी घेतली आणि दुसरीकडे राहिली. ते शोधणं हे तुमचं काम, आणि ते ज्या दिवशी तुम्ही शोधता त्या दिवशी पत्र कोणी लिहिलं याला फारसं महत्त्व उरत नाही. क्रम मात्र उलटा करू नका. आधी तफावतीचा तक्ता स्वतः मांडा, कारण स्वतः लिहा, दोन ओळींत का होईना. मग मसुदा मागा. आणि निवाडा मूळ ठिकाणी उघडून वाचल्याशिवाय सरांच्या टेबलावर जाऊ देऊ नका.

एआयशिवाय मी फार हळू पडेन अशी भीती वाटते.

वेगाबद्दलची आपली भावना भरवशाची नसते. मीटर या अमेरिकी संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रॅमरना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. काही एआय वापरून, काही न वापरता. एआयसह कामाला १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर त्यांना विचारलं, तर त्यांना वाटत होतं की आपण सुमारे २० टक्के जास्त वेगाने काम केलं! हे मोजके लोक होते, साधनं २०२५ च्या सुरुवातीची होती आणि प्रकल्प त्यांच्या अंगवळणी पडलेले होते, त्यामुळे तुमच्या बाबतीत उलटही असू शकेल. पण एकदा घड्याळ लावून बघा. भीती कशाची आहे ते तरी कळेल.

वीस वर्षं घासली. आता दोन वर्षांपूर्वी लागलेली पोरं तेच काम तासाभरात करून दाखवतात. माझ्या अनुभवाची किंमत काय राहिली?

राग येणं साहजिक आहे, आणि काही कामांपुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. ठरावीक साच्याचे रिपोर्ट, नेहमीचा कोड, भाषांतराचा पहिला खर्डा यांची किंमत उतरली आहे. पुस्तकांचं, माहितीपत्रकांचं भाषांतर करणाऱ्या पेठांतल्या ओळखीच्या लोकांना आता "मशीनचं तपासून द्या" म्हणून काम येतं आणि दर निम्मा सांगितला जातो. ती बोचणी फक्त मनाची नाही, ती पैशाची आहे, आणि तिला आत्मविश्वासाचे धडे हे उत्तर नाही. तिथे दरासाठी भांडावं लागतं.

पण अनुभवाची किंमत कुठे टिकते, हे मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये जवळून पाहिलं. तिथल्या तरुण इंजिनिअरने ड्रॉइंगवरून सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, प्रोग्रॅम एआयकडून करून आणला. मशीनवर एक काका होते, सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारे, पन्नाशीचे. त्यांनी प्रोग्रॅम स्क्रीनवर वरून खाली एकदा वाचला आणि एका जी-शून्यच्या ओळीवर, म्हणजे टूल झपाट्याने (रॅपिड) हलवणाऱ्या हुकमावर, बोट ठेवलं. टूल रॅपिडने एका होलवरून दुसऱ्यावर जाणार होतं, आणि ज्या उंचीवरून जाणार होतं ती ड्रॉइंगप्रमाणे बरोबर होती. फक्त मध्ये जॉब धरून ठेवणारा क्लॅम्प होता. क्लॅम्प ड्रॉइंगमध्ये नसतो, तो मशीनवर असतो. काकांनी झेड ऑफसेट वर उचलला म्हणजे टूल जॉबपासून उंच राहील, सिंगल ब्लॉक लावला म्हणजे प्रोग्रॅम एकेक ओळ थांबत चालेल, रॅपिड ओव्हरराइड, म्हणजे झपाट्याचा वेग, २५ टक्क्यांवर आणला आणि प्रोग्रॅम हवेत चालवून पोराला दाखवला. "आता बघ, इथे ठोकला असता." आवाज चढवला नाही, मान वर करून बघितलंही नाही. टूल, क्लॅम्प आणि कदाचित स्पिंडल, सगळं वाचलं.

बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर २०२३ मध्ये झालेल्या प्रयोगात हीच गोष्ट आकड्यांत दिसते. एआयच्या आवाक्यातली कामं त्यांनी २५ टक्के जास्त वेगाने आणि जास्त चांगली केली. पण मुद्दाम आवाक्याबाहेरचं निवडलेलं एक काम दिलं, तेव्हा एआय वापरणाऱ्यांचं उत्तर बरोबर येण्याचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्के-बिंदूंनी खाली होतं. आवाका कुठे संपतो, हे काम बघताक्षणी ओळखायला क्लॅम्प कुठे असतो ते माहीत असावं लागतं.

त्या काकांचा एक दोष सांगते, कारण तो बहुतेक सीनियर मंडळींत असतो. आपण काय ओळखलं हे त्यांनी कुठेच नोंदवलं नाही. मॅनेजरच्या लेखी त्या दिवशी प्रोग्रॅम एआयने केला आणि जॉब वेळेत गेला, एवढंच.

मी एआय वापरतो ते लपवतो. सांगून टाकावं का?

लपवण्यामागची भीती अनाठायी नाही. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०२५ मधल्या प्रयोगांत, एआय वापरणाऱ्या सहकाऱ्याला लोक जास्त आळशी आणि कमी सक्षम समजतात असं दिसलं. पण लपवण्याचा तोटा तुम्हालाच. लपवून केलेल्या कामाचं कौतुक झालं तरी ते गिळता येत नाही. माझा सल्ला असा की कबुलीजबाबाच्या सुरात सांगू नका, कामाच्या सुरात सांगा. "पहिला मसुदा एआयचा; आकडे मी तपासले, तिसरा भाग मी पूर्ण बदलला, कारण त्यात आपल्या क्लायंटची अट सुटली होती." हे ऐकून तुम्हाला कोणी आळशी म्हणत असेल तर म्हणू द्या.

अपवाद एकच. कंपनीने परवानगी दिलेली नसताना कंपनीचा किंवा क्लायंटचा डेटा बाहेरच्या साधनात टाकत असाल, तर प्रश्न आत्मविश्वासाचा नाही, नोकरीचा आहे. ते आधी थांबवा. सॅमसंगने २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांच्या वापरावर बंदी आणली ती अंतर्गत कोड असा बाहेर गेल्यावरच.

आठवड्यातून एक दिवस एआय पूर्ण बंद ठेवावं का?

ठेवून बघा, पण फार अपेक्षा नको. आपला एकादशीचा उपवास जसा साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि बटाट्याच्या कीसावर निभावतो, तशी या उपवासाची गत होते. बुधवार एआयविना ठरवला, तर सगळं अवघड काम गुरुवारवर ढकललं जातं आणि बुधवारी लोक ईमेल साफ करत बसतात. दिवस वाटून घेण्यापेक्षा काम वाटून घ्या.

मग नेमकं करायचं काय?

तुमच्या कामातली एक गोष्ट अशी निवडा जी तुमची ओळख आहे. टेस्टरसाठी ती बग कुठे असेल याचा वास असेल, डिझायनरसाठी पहिलं रेखाटन, एचआरसाठी अवघड बोलणं. ती हाताने करा, वेळ लागला तरी. बाकीचं एआयला द्या आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. सगळंच हाताने करण्याचा हट्ट मला थोडा सोवळ्या-ओवळ्यासारखा वाटतो.

दुसरी गोष्ट, विचारण्याआधी स्वतःचं उत्तर दोन ओळींत लिहा. चुकीचं असलं तरी चालेल. एआयचं उत्तर आलं की दोन्ही शेजारी ठेवा. यात दोन फायदे आहेत. कुठे जुळलं ते दिसतं, आणि कुठे तुमचं उत्तर जास्त बरं होतं तेही दिसतं. दुसरं जितकं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. पण आधी लिहिलेलं नसेल तर एआयचं वाचल्यावर आपल्याला वाटतं, "हो, मी हेच म्हणणार होतो", आणि ते खरं नसतं.

तिसरी, एक वही. फोनमधली नोट नको, खरी वही. अप्पा बळवंत चौकात चाळीस-पन्नास रुपयांत मिळते. त्यात रोज एक ओळ: आज एआयचं काय नाकारलं आणि का. "त्याने सरासरी काढली, पण दिवाळीचा आठवडा त्यात धरून चालत नाही." एवढंच. महिन्याने चाळा. तुमचा निर्णय कुठे चालला याचा पुरावा तुमच्याच अक्षरात समोर असेल.

मायक्रोसॉफ्ट आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०२५ मध्ये ३१९ नोकरदारांची पाहणी केली. एआयवर जास्त विश्वास ठेवणाऱ्यांनी त्याचं काम कमी तपासल्याचं सांगितलं. स्वतःच्या कौशल्यावर विश्वास असणाऱ्यांनी जास्त तपासल्याचं सांगितलं. लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेली माहिती आहे, तेव्हा तेवढ्याच वजनाने घ्यावी. पण वही भरत गेली की तुम्ही कोणत्या गटात आहात ते कळत जातं.

माझा आत्मविश्वास कमी झालाय, हे मी एआयलाच सांगितलं. त्याने फार छान समजून घेतलं. चालेल का?

मन हलकं करायला चालेल. स्वतःच्या कामाची पारख करून घ्यायला चालणार नाही. ही साधनं समोरच्याला बरं वाटेल असं बोलण्याकडे झुकतात. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचा एक अपडेट मागे घ्यावा लागला, तो याच कारणाने की ते वापरणाऱ्याची अती खुशामत करायला लागलं होतं. शंभर वेळा "तुमचा विचार उत्कृष्ट आहे" ऐकण्यापेक्षा एका खडूस सीनियरचं "हं, ठीक आहे" जास्त दिवस पुरतं. पुण्यात असे सीनियर शोधायला लांब जावं लागत नाही.

मी टीम लीड आहे. माझी पोरं एआयवर अवलंबून होत चाललीत. काय करू?

"एआय वापरलं का?" हे विचारणं बंद करा. त्याला खरं उत्तर मिळत नाही. "यातला कुठला भाग तू बदललास?" हे विचारा. काहीच बदललं नसेल तर "का बदलावंसं वाटलं नाही?" हेही विचारा, त्यालाही चांगलं उत्तर असू शकतं.

लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश संशोधिकेने १९८३ मध्ये कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रणांबद्दल एक गोष्ट दाखवून दिली होती. यंत्र सोपी कामं घेतं आणि अवघड प्रसंग माणसाकडे ठेवतं. पण त्या प्रसंगासाठी लागणारा सराव सोप्या कामांतूनच होत असतो. तुमच्या टीममध्ये हेच चाललंय. मीटिंगचे मिनिट्स, लॉग वाचणं, टेस्ट केस लिहिणं ही हमाली होती खरी, पण नवी पोरं तिथेच घडत होती. ती हमाली परत आणा असं मी म्हणत नाही, ती कोणी करणारही नाही. तिच्या जागी दुसरं काही द्या, मुद्दाम. लहानसा मॉड्यूल पूर्ण एकाच्या नावावर. रात्री बंद पडला तर फोन त्यालाच. सुरुवातीला तुम्ही शेजारी बसा.

आणि काकांचं विसरू नका. कोणी एआयची चूक पकडली तर ती स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, नावानिशी सांगा. पकडलेली चूक कुठल्याच डॅशबोर्डवर येत नाही.

हे इम्पोस्टर सिंड्रोम आहे का?

पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स यांनी १९७८ मध्ये वर्णन केलं ते वेगळं. तिथे माणसाने यश स्वतः मिळवलेलं असतं आणि तरी त्याला ते आपलं वाटत नाही. तुमच्या बाबतीत काही भाग खरंच दुसऱ्याने केलेला आहे, म्हणून शंका निराधार नाही. ती कामाच्या पद्धतीत बदल करून दूर होऊ शकते, ही त्यातली चांगली बाजू.

पण झोप उडाली आहे, रविवारी संध्याकाळी सोमवारच्या धास्तीने जेवण जात नाही, कामाबाहेरही कशात मन लागत नाही, असं काही आठवडे चालू असेल तर वही-बिही बाजूला ठेवा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलात तरी उत्तम.

नोकरी बदलतोय. मुलाखतीत एआयबद्दल विचारलं तर काय सांगू?

वापरतो, असं सांगा. मग एक उदाहरण द्या, ज्यात त्याचं उत्तर तुम्ही नाकारलंत: काय दिसलं, कशावरून दिसलं, मग काय केलं. तीन मिनिटं पुरतात. असं उदाहरण आठवत नसेल, तर अर्ज करायच्या आधी महिनाभर हातात आहे असं समजा आणि वही आणा.

समोर बसवून लिहायला लावतील ही भीती असेल तर तयारी तशीच करा. वाय-फाय बंद, कोरा कागद, पाऊण तास, आणि बायकोला, भावाला किंवा रूममेटला समोर बसवून मोठ्याने समजावणं. ते कंटाळून उठून जातील. चालू ठेवा.